नववी फळी

१

सकाळी सहाला मी अळीघराचं कुलूप काढतो. चपला बाहेर. उंबऱ्याला लागून चुन्याच्या पाण्याची मोठी परात ठेवलेली असते. तिच्यात दोन्ही पाय बुडवायचे, दहापर्यंत मोजायचं, मग आत. रेशमाची अळी नाजूक. बाहेरच्या पायाला चिकटून रोग आत आला तर दोन दिवसांत सगळं पीक काळं पडतं. दुसऱ्यांच्या अळीघरात मी ते पाहिलेलं आहे. म्हणून माझ्या दारातून पाय न धुता कुणी गेलेलं नाही. एकदा सोडून.

मी रंगराव काटकर. वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत. आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आलं. पणजोबा देवडीवर पहाऱ्याला होते, आजोबाही. मी अळीघराच्या दारात उभा राहतो. काम तेच.

आमचं संशोधन केंद्र हजीरा वस्तीच्या पुढे आहे. शेतात तुतीची नवी वाणं लावलेली आहेत, इथल्या उन्हात कमी पाण्यावर टिकतील अशी. मधल्या इमारतीत अळ्या. पलीकडे काचेच्या खोलीत औषधाचं काम चालतं. तिन्ही कामं सीमंतिनी मॅडम बघतात. मॅडम इथल्याच, लष्कर भागातल्या. परदेशात शिकून परत आल्या. मला काका म्हणतात. मी निवृत्त झालो त्याला अकरा वर्षं झाली, पण पीक लावायचं ठरलं की त्या माणूस पाठवून मला बोलावतात. माझ्या हाताखाली एकही पीक गेलेलं नाही.

संचालक मुकुंदराव एकदा पाहुण्यांना घेऊन आले. पायांत मोजे.

"काटकर, मलासुद्धा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, अळीला तुमची पदवी वाचता येत नाही."

पाहुणे हसले. साहेबांनी मोजे काढले.

आत गेलं की आवाज येतो. हजारो अळ्या पाला खात असतात. गाय कडबा खाते तो आवाज बारीक करा, आणि चारी बाजूंनी एकदम ऐका. नव्या माणसाला त्याने कसंतरी होतं. मला तो नसला की कसंतरी होतं.

२

दुर्गा माझी बायको. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. तिला साखरेचा आजार आहे. चार वर्षांपूर्वी डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला. तेव्हापासून ती चालते तो आवाज मी भिंतीपलीकडूनही ओळखतो. उजवा पाय टेकतो, डावा ओढतो. टप, घस्स. टप, घस्स.

फेब्रुवारीत त्याच पायाच्या तळव्याला जखम झाली. भरेना. तळवा काळा पडायला लागला.

मार्चमध्ये एका शुक्रवारी मी डबा विसरलो. ती रिक्षा करून डबा घेऊन आली. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुमच्या अंगाला तुतीचा वास येतोय. एकदा दाखवा तरी, कोण आहे ती."

"अळी आहे."

"मग काय झालं? सवतीला बघायला नको?"

मी हसत नाही सहसा. तेव्हा हसलो.

पण परात मध्ये होती. चुना आणि ब्लीचिंग पावडर. उघड्या जखमेला ते आगीसारखं लागतं. ती म्हणाली, "राहू द्या, इथूनच बघते." तिचा चेहरा पाहिला. मी वाकलो आणि परात माझ्या हाताने बाजूला सरकवली.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

मी तिचा हात धरून मधल्या वाटेने तिला नेलं. दोन्ही बाजूंना अळ्यांचे मांडव, पाल्याचे एकावर एक कप्पे, शेवटी भिंत. नऊ पावलं. मी मोजली, कारण प्रत्येक पावलाला ती थांबत होती. भिंतीपाशी तिने मांडवात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "किती भूक हो यांना." मग तिने भिंतीला हात टेकला. पट्टी भिजली होती. तिला पुढचं पाऊल टाकता येईना.

मी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि बाहेर आणलं. त्या वयात, त्या वजनाची बाई. पण आणली.

म्हणजे असं झालं. ती आत चालत गेली. बाहेर चालत आली नाही.

३

शनिवारी कंपू भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला. म्हणाले, "घोट्याच्या वरून कापावा लागेल. विष वर चढतंय."

माझा मुलगा उत्कर्ष बरोबर होता. त्याचं नई सडकेवर मोबाइलचं दुकान आहे. तो लगेच म्हणाला, "कापून टाका. आईची जान बचनी चाहिए, बस."

दुर्गाने लुगड्याचा काठ पायावर ओढला. संध्याकाळी मला एकटं गाठून म्हणाली, "पाय गेला तर मी जगायची नाही. हे रडणं नाही, सांगून ठेवते. मला खाटेवर ठेवू नका."

सीमंतिनी मॅडमचं संशोधन याच दवाखान्यात चालू होतं. रेशमाची पट्टी अशाच जखमांवर लावून बघत होते. अकरा जणांची यादी होती. डॉक्टर आणि मॅडम बोलले, कागद झाले, आणि अकरावं नाव दुर्गाचं लागलं. डॉक्टर म्हणाले, "नऊ दिवस, पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. ताप उतरला नाही आणि काळं वर सरकलं, तर सोमवारी चार वाजता ऑपरेशन." पहिली पट्टी त्याच दिवशी लावली.

ही पट्टी कशी होते ते सांगतो. अळी पिकली की खाणं सोडते, अंगाने पिवळट काचेसारखी दिसते, मान वर करून जागा शोधते. तिला कोपरा मिळाला तर ती स्वतःभोवती कोश बांधते. कोपराच मिळाला नाही तर बांधणार कुठे? मग ती फिरत राहते आणि सगळा धागा सपाट अंथरते. आम्ही तिला गुळगुळीत चौकोनी फळीवर सोडतो. एका फळीवर साठ अळ्या. तीन दिवसांत फळीभर रेशमाचा पातळ कागद तयार. कोश उकळावे लागत नाहीत. अळी मरत नाही. हे काम मला म्हणूनच आवडतं.

मॅडमनी अंडी एकेक दिवसाच्या अंतराने उबवली होती, म्हणजे रोज एका फळीपुरत्या अळ्या पिकतील. मांडवात जागा नव्हती, म्हणून फळ्या खाली, मधल्या वाटेवर ठेवायच्या ठरल्या. पहिली भिंतीपाशी, मग एकेक दाराकडे. नऊ फळ्यांत वाट भरत होती.

रविवारी पहिली फळी ठेवली. सोमवारी सकाळी पाहिली. अळ्यांनी सगळीकडे धागा धरला होता, फक्त एक जागा मोकळी होती. मागे गोल, मध्ये निमुळती, पुढे रुंद. त्याच्या पुढे चार ठिपके. पाचव्याच्या जागी भरीव रेशीम.

डावं पाऊल. अंगठा नसलेलं. बोटं दाराकडे.

मी फळीवर हात फिरवला. फळी कोरडी होती. अळ्या त्या जागेच्या काठापर्यंत येत होत्या, मान हलवत होत्या आणि वळत होत्या. तिथे काहीतरी उभं असावं तशा.

४

मंगळवारी दुसऱ्या फळीवर उजवं पाऊल. पाचही बोटं. बुधवारी तिसरीवर पुन्हा डावं.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी पाय धुतले, आत आल्या, गुडघ्यावर बसल्या. खूप वेळ पाहिलं. फोटो काढले.

"काका, फळीला कुठे ओल लागली असेल. ओल असली की अळी टाळते."

"तीन फळ्यांना? पावलाच्या आकाराची?"

"माणसाला आकार दिसतात. ढगात हत्ती दिसतो तसे."

"ढगातल्या हत्तीला नेमका अंगठा नसतो का?"

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. चांगली बाई. खोटं बोलत नाही. म्हणाल्या, "उद्या नवी फळी मी स्वतः धुते. मी स्वतः ठेवते. कारण मिळेल." त्यांनी चौथी फळी स्पिरिटने पुसली आणि हाताने ठेवली. गुरुवारी तिच्यावर उजवं पाऊल होतं. बोटं दाराकडे.

बुधवारी संध्याकाळी मी वेगळं काम केलं होतं. सुतळी घेतली. तिसऱ्या फळीवरचं पाऊल मापलं, टाचेपासून दुसऱ्या बोटापर्यंत एक गाठ, रुंदीला दुसरी गाठ. तशीच कंपूला नेली. दुर्गा तापात होती. उघड्या बोटांच्या बाजूने, पट्टीला धक्का न लावता, मी सुतळी धरली.

तिने डोळे उघडले. "काय करताय?"

"माप घेतोय."

"चप्पल आणताय मला?" ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आता, एक पाय जायच्या वेळेला."

"पाय जात नाही," मी म्हटलं.

दोन्ही गाठी बरोबर बसल्या. सुतळी मी खिशात ठेवली. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. स्वतःला विचारलं, रंगराव, तुला भीती वाटते का? मग परत अळीघराकडे निघालो.

५

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. घरात देव आहेत, त्यांना मी फूल वाहतो, बास. अळीघरात पंचेचाळीस पिकं काढली, नजर लागली म्हणून कधी लिंबू टांगू दिलं नाही. म्हणून मी आधी साधी कारणं शोधली. जमीन तपासली. वाटेखालून पाण्याचा पाइप जातो का विचारलं. जात नाही. खिडकीतून ऊन पडतं का पाहिलं. पडत नाही.

मग मी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. पावलं रोज एकेक करून दाराकडे निघाली होती. आणि दुर्गाचा ताप रोज चढत होता. गुरुवारी एकशे दोन. शुक्रवारी एकशे तीन. काळं घोट्यापाशी आलं.

ती आत आली ती पावलं टाकत. बाहेर जायची नऊ पावलं तिने टाकलीच नाहीत. आता कुणीतरी ती टाकत होतं. ती उंबऱ्याबाहेर पडली की दुर्गा जाणार, असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी सातवी फळी ठेवून मी पाला घालत होतो. पाठ वाटेकडे होती. अचानक खाण्याचा आवाज थांबला. सगळ्या मांडवांतला, एकदम. माझ्या हातातल्या पानाची सळसळ मला ऐकू आली. आणि मग मागून, अगदी हळू.

टप. घस्स.

मी वळलो. कुणी नव्हतं. फळ्यांवरच्या पिकलेल्या अळ्यांनी माना वर केल्या होत्या. पिकलेली अळी मान वर करतेच. पण ती जागा शोधत मान फिरवते. या फिरवत नव्हत्या. सगळ्या एकाच जागेकडे बघत होत्या, सहाव्या फळीच्या वर, साधारण माणूस उभा राहील तिथे. मी दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा खाणं सुरू झालं.

रविवारी आठवी फळी ठेवली. मी एक डाव टाकला. अळ्यांनी धागा धरल्यावर संध्याकाळी फळी उलटी फिरवून ठेवली. पुढची कड मागे. सोमवारी सकाळी पाहिलं तर अळ्यांनी आधीची मोकळी जागा भरून काढली होती आणि नवी सोडली होती. बोटं दाराकडेच.

एकच फळी उरली होती. नववी. तिच्यापुढे परातीपुरती जागा आणि उंबरा.

६

सोमवारी सकाळी उत्कर्षचा फोन आला. "बाबा, लवकर या. आईला एकशे चार आहे. डॉक्टर तीन बजे तयारी करणार. तुमची सही पाहिजे."

"चारपर्यंत थांब."

"आज तरी ती अळीघराची नोकरी सोडा ना! आई इथे मरतेय आणि तुम्ही कीड्यांना खाऊ घालताय?"

"चारला येतो," मी म्हटलं आणि फोन बंद केला. मुलगा चुकीचं बोलला नव्हता. पण त्याला समजावण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते. आजही नाहीत.

नववी फळी ठेवली. अळ्या सोडल्या. परात धुतली, नवा चुना कालवला, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवली. मग स्टूल आणलं, दारात बसलो, तोंड आत, पाठ बाहेर. दोन्ही पाय परातीत. दोन्ही हात चौकटीला. पणजोबा देवडीवर असेच बसत असतील.

मॅडम बाराला आल्या. "काका, तुम्ही इथे? काकूंचं आज..."

"माहीत आहे."

त्यांनी फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  फक्त म्हणाल्या, "पाणी पाठवू का?"

"नको. कुणाला पाठवू नका."

एक वाजला. दोन वाजले. चुना तळाशी बसला, वर पाणी नितळ झालं. तळाचा चुना दह्यासारखा गुळगुळीत. त्यात फक्त माझे पाय. बाहेर तुतीच्या शेतात इंजिन चालू होतं. किल्ल्याच्या बाजूने गरम वारा येत होता.

अडीचला खाण्याचा आवाज थांबला.

टप.

 आठव्या फळीच्या अळ्यांनी माना वर केल्या.

घस्स.

नवव्या फळीच्या अळ्या बाजूला सरकल्या. मध्ये जागा झाली. मी काही पाहिलं नाही. पाहिलं असं मी कधीच कुणाला सांगणार नाही. पण समोरची हवा गार झाली, आणि तिच्या केसांच्या तेलाचा वास आला.

मग परातीत, माझ्या दोन पायांच्या मध्ये, तळाचा चुना दबला. आधी टाच. मग तळवा. मग चार बोटं.

 मी चौकट सोडली नाही.

मी म्हणालो, "दुर्गा बाहेर आहे. तिला मी माझ्या हातांनी बाहेर नेलं. तिचं इथून जायचं काही राहिलेलं नाही."

चुना हलला नाही.

"आत येताना पाय धुवायचे राहिले, ती चूक माझी. आता धू. दहा मोज. आणि माघारी फीर. या दारात काटकर बसलाय."

मीच मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला पाणी गार होत गेलं. सातला माझी बोटं बधिर झाली. दहाला तळापासून चुना उसळला आणि सगळी परात दुधासारखी पांढरी झाली.

मी डोळे मिटले नव्हते. नवव्या फळीवर ओल्या चुन्याचं एक पाऊल उमटलं. डावं. टाच माझ्याकडे, बोटं आत भिंतीकडे. ते लगेच वाळायला लागलं आणि अळ्या त्याच्यावरून चालून गेल्या. मग आत कुठेतरी टप, टप. एकसारखं. ओढल्याचा आवाज नव्हता.

आणि खाणं पुन्हा सुरू झालं.

ते पाऊल माझ्या पायांतून उडालेल्या पाण्याचं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण माझे पाय परातीतच होते. आणि मी बोटं मोजली होती. पाच होती.

फोन चालू केला. लगेच वाजला. उत्कर्ष रडत होता. "बाबा, बुखार उतर गया. अचानक. घामाने सगळी चादर भिजली. आई चहा मागतेय. डॉक्टर म्हणतात आज कापत नाही."

"साखर घालू नको," मी म्हटलं. मग चौकटीला डोकं टेकलं. थोडा वेळ.

७

नवव्या फळीवर मोकळी जागा राहिली नाही. मॅडमनी तो कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काका, इतका एकसारखा आजवर मिळाला नव्हता. धुऊन, तपासून हाच काकूंना लावू या." मी नाही म्हटलं नाही.

दर चार दिवसांनी पट्टी बदलायची होती. तिसऱ्या पट्टीला काळं थांबलं. पाचव्या पट्टीला जखमेच्या काठाला गुलाबी मांस आलं. डॉक्टरांनी बाकीच्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. जूनमध्ये दुर्गा भिंत धरून उभी राहिली. जुलैत भिंत सोडली. अकरा जणांत नऊ जणांचे पाय वाचले. मॅडमचं काम मोठ्या नियतकालिकात छापून आलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव आहे, ते मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. रंगराव काटकर. मी तो कागद घडी करून देवाच्या फळीवर ठेवला आहे.

उत्कर्ष माझ्या पाया पडला. म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी बहुत बोललो."

"बरोबर बोललास," मी म्हटलं. "पण मीही बरोबर बसलो होतो."

ऑक्टोबरच्या पिकाला केंद्रात कार्यक्रम झाला. मोठमोठे लोक आले. मुकुंदरावांनी भाषणात सांगितलं की शेतातली तुती, घरातली अळी आणि दवाखान्यातला रोगी यांना आपण एका धाग्याने बांधलं. टाळ्या झाल्या. मग बरे झालेल्या माणसांना बोलावलं. दुर्गा हिरवं लुगडं नेसून फाटकापासून कार्यक्रमाच्या मांडवापर्यंत चालत आली. काठी नाही. कुणाचा हात नाही. टप, टप. लोक उभे राहिले. सीमंतिनी मॅडम डोळे पुसत होत्या. माझी मान त्या दिवशी जितकी वर होती तितकी लग्नातही नव्हती.

कार्यक्रमानंतर ती म्हणाली, "चला, सवतीला भेटते. आता पायावर उभी आहे म्हणून सांगते."

अळीघराच्या दारात मी परातीकडे बोट दाखवलं. या वेळी बाजूला सरकवली नाही. तिने स्वतःच लुगडं वर धरलं, दोन्ही पाय बुडवले आणि ओठांत दहा मोजले. चेहऱ्यावर हसू.

"त्या दिवशीसारखंच गार आहे हो," ती म्हणाली.

 त्या दिवशी तिने पाय बुडवले नव्हते.

ती आत गेली. मधल्या वाटेने, ठाम, एकेक पाऊल. अळ्या खात होत्या. आवाज थांबला नाही. लादीवर मागे ओली पांढरी पावलं उमटत गेली. उजवं. डावं. उजवं. डावं.

मी वाकून डाव्याजवळ बसलो. पाच बोटं होती.

वर पाहिलं. ती भिंतीपाशी उभी होती, लुगडं धरलेलं, पाय उघडे. डाव्या पायाला चार बोटं. अंगठ्याच्या जागी जुना व्रण, चार वर्षांचा, मी रोज तेल लावतो तो. ती मांडवात वाकून म्हणाली, "किती भूक हो यांना." मग माझ्याकडे वळली. "काय बघताय?"

"काही नाही," मी म्हटलं. "लादी ओली झाली."

खांद्यावरचा पंचा काढला. एकेक पाऊल पुसत भिंतीपर्यंत गेलो. नऊ पावलं. उभा राहिलो आणि हात पुढे केला. तिने धरला. हात गरम होता. आम्ही दोघं चालत बाहेर आलो. तिच्या पायांनी, माझ्या पायांनी. उंबऱ्यावर मी थांबलो, मागे वळून एकदा वाटेकडे पाहिलं. कोरडी होती. कुलूप लावलं.

त्या रात्री ती शांत झोपली. मीही झोपलो. आता ती रोज नई सडकेवर भाजीला जाते आणि भाजीवाल्यांशी भांडून येते.

नवीन मुलं येतात कामाला. मी त्यांना परात दाखवतो. ती विचारतात, "दादा, इतके साल में कोई बिना धोए नहीं गया?"

मी सांगतो, माझ्या दारातून पाय न धुता कुणी गेलेलं नाही. आत नाही, बाहेर नाही. जी एकदा तशीच आत गेली होती, तिनेही दहा मोजून पाय धुतले.

आता मला सुरुवातीसारखं ‘एकदा सोडून’ असं म्हणावं लागत नाही.